आठ दिवसांनी या

चिठ्ठीवर नाव चुकलं होतं.
द्वारका ढवारे. त्यांनी ढवळे लिहिलेलं.
मी खिडकीतून म्हटलं, दादा, ळ नाही, र आहे तो,
दुसरीची गाठ माझ्या नावावर नको
आणि माझी कुणाच्या नको.
तो हसला नाही. खोडून र केला
आणि म्हणाला, आठ दिवसांनी या.

हे वाक्य माझं आहे.
बावीस वर्षं मीच म्हणत आले ते
गांधी चमनच्या मागच्या बोळात, मशीनवरची मान न उचलता.
आठव्या दिवशी बाया उंबऱ्यात उभ्या,
कापड अजून गाठोड्यात,
आणि मी म्हणायचे, हुकं तेवढी राहिलीत.
धडधडीत खोटं.
आता रात्री वाटतं, माझा तो बाटलीतला तुकडाही
पडला असेल का कुणाच्या खुर्चीमागं,
आणि त्याला फक्त हुकं राहिली असतील का.

जालन्यात आठ दिवसांचं कौतुक नाही.
नळच आठव्या दिवशी येतो.
ड्रम, हंडे, कुकर, तेलाचे डबे,
घरातल्या भांड्याभांड्याला वाट बघायची सवय.
डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला,
कपड्यांचं मोरीला, एवढी अक्कल मला आहे.
पण उरलेला गुरुवार
शुक्रवारात ओतता येत नाही.

चौथ्या रात्री वही काढली.
छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर.
अख्खी गल्ली मला इंचांत पाठ.
गुट्टे मॅडम बाळंतपणानंतर दोन इंच वाढलेल्या,
शबाना नवरा गेल्यावर तीन इंच उतरलेली.
माझं माप कुठंच नव्हतं.
टेप गळ्यातच होता.
आरसा न बघता स्वतःला लावला,
आकडा लिहिला, पुढं पेन्सिलीनं तारीख.

आठव्या दिवशी पहाटे साडेतीनला नळ आला.
सगळं भरून घेतलं आणि सहाची बस धरली.
आहे, डॉक्टर म्हणाले.
मग बरंच काही म्हणाले.
मी त्यांच्या शर्टाची कॉलर बघत होते,
टीप उसवलेली, आतून.
नारायण मिलमधून रात्रपाळी करून तसाच आलेला,
भुवयांवर काळी धूळ.
त्यानं एकच विचारलं,
डबा घरून आणलेला चालतो का?

सोमवारपासून सुया. आधी सहा, मग ऑपरेशन.
सिस्टर म्हणाली, दात दाखवून या,
केस आधीच बारीक करा, नंतर उशीवर बघवत नाहीत,
आणि कपडे सैल, समोरून उघडणारे.

गाठोड्यात तेवीस ब्लाऊज. लग्नसराई.
पहिल्यांदाच गिऱ्हाइकांना खरं सांगितलं,
होणार नाही, दुसरीकडं द्या.
गुट्टे मॅडम रडल्या, कापड ठेवून गेल्या.
शबाना म्हणाली, काहून घाबरतीस, मी येते ना सोबत.
नलिनीकाकूंनी मात्र आपलं कापड मोजून परत नेलं,
वर अस्तराचे पैसे मागितले.
इतकं बरं वाटलं.
कुणीतरी नेहमीसारखं भांडलं माझ्याशी.

रविवारी स्वतःसाठी कापलं,
उरलेल्या तुकड्यांतलं ठिपक्याचं.
आत माया किती सोडावी कळेना.
औषधानं माणूस उतरतं म्हणतात,
सूज चढते असंही म्हणतात.
मी दीड इंच सोडली. डावीकडं थोडी जास्त,
काहून ते विचारू नका.
कच्चीच टीप घातली, पुन्हा उसवता येईल अशी.
तेजल शेजारी बसून हुकं लावत होती,
उलटी लावली तिनं दोन.
मी बोलले नाही. मग बोलले.

रात्री मशीनला तेल दिलं, झाकण लावलं.
जरा वेळानं उठून
झाकण काढून ठेवलं.